राजापुरास जाऊन आलो

(लालबाग येथे कोकण व घाट या दोन्ही भागांतील कामकरी मंडळींच्या सभेत एका खेड्यातील मराठी शाळेच्या शिक्षकांनी केलेले भाषण.)



आज आम्हांस प्रवास या विषयावर बोलावयास सांगितले आहे. हा शब्द कानी पडताच आपल्यापैकी पुष्कळांस वाटते की, ही गोष्ट पैसेवाल्यांची. आपण कष्टकरी माणसे कोठे जातो ती पोटासाठी, लग्नकार्यासाठी, शिमग्या-गणपतीला, नाहीतर कोणी गेल्याची खबर आली म्हणजे. केवळ एखादे गाव पाहावे म्हणून आपण घरातून निघत नाही. याला कारणही आहे. पाहावयास फुरसत लागते, आणि फुरसत आपल्या मालकीची कधी नव्हती. याच परळ-लालबागच्या गिरण्यांत आपले आजे-पणजे राबत होते, तेव्हा आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा एवढ्याकरिता नारायण मेघाजी लोखंडे यांस कित्येक वर्षे झगडावे लागले, तेव्हा कोठे १८९० साली रविवारची सुटी पदरात पडली. दिवस मिळाला, पण तो घेऊन जावे कोठे हे आपणांस कोणी सांगितले नाही. म्हणून आम्ही आज एका गावाचे नाव सांगतो. ते गाव राजापूर.

हसू नका. तुमच्यापैकी कित्येकांचा तालुकाच राजापूर आहे हे आम्हांस ठाऊक आहे. आमच्या गावाचे नवल हे घाटावरचे मास्तर आम्हांलाच काय सांगणार, असे तुमच्या मनात आले असेल. पण आम्ही पुसतो, तुम्ही राजापूर पाहिले आहे काय? एसटीच्या खिडकीतून पाहिले असेल. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तहसिलीच्या पायरीवर बसून पाहिले असेल. गणपतीची पिशवी डोक्यावर घेऊन स्टँडवरून आपल्या वाडीची गाडी पकडताना पाहिले असेल. याला पाहणे म्हणत असतील तर हमालाने सगळी मुंबई पाहिली असे म्हणावे लागेल.

आम्ही शाहूवाडी तालुक्यातले. अणुस्कुऱ्याचा घाट उतरले की राजापूर तालुका लागतो, म्हणजे तुमचे आमचे बांधाला बांध लागलेले. तरी आमच्या गावातली माणसे खाली राजापुरास फारशी जात नाहीत, कोल्हापुरास जातात. ट्रेनिंग कॉलेजात आम्ही किनाऱ्यावरची बंदरे उत्तरेकडून दक्षिणेकडे पाठ केली होती: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग. मुलांनाही तीच पाठ करावयास लावतो. परंतु जैतापूरच्या खाडीतून आत शिरले की पुढे काय आहे, हे त्या पाठात नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही शाळेतले तीन सोबती मिळून ठरविले की, या खेपेस काही काम न काढता तेथे चार दिवस राहावयाचे.

आम्ही वरून उतरलो. तुम्हांस जावयाचे तर दादरहून मध्यरात्रीनंतर सावंतवाडीची तुतारी एक्स्प्रेस सुटते, ती तुम्हांस सकाळी राजापूर रोडला सोडील. मात्र नावातला तो रोड शब्द विसरू नका. स्टेशन गावापासून बरेच लांब आहे, तेथून पुन्हा गाडी करावी लागते. कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाली ती राजापूरच्या नदीकाठाला शिवली नाही. त्या आधी आगबोट होती. भाऊच्या धक्क्यावरून निघावे, डेकवर वळकटी पसरून रात्र काढावी, आणि जैतापूर-मुसाकाजीच्या बाजूस आगबोट उभी राहिली म्हणजे होडीत उतरून, भरतीचे पाणी पाहून खाडीने आत शिरावे. तुमच्या आज्यांनी हा प्रवास केलेला आहे. घरी कोणी म्हातारे माणूस असेल तर त्यास विचारून घ्या. छापलेल्या पुस्तकांत हे फारसे सापडत नाही.

आता गावाविषयी. राजापूर हे दोन नद्यांच्या मिळणीवर वसले आहे. एक अर्जुना, दुसरी कोदवली. सभोवती डोंगर, मध्ये खळगा, आणि त्या खळग्यात गाव. महामार्ग वरून जातो व बाजारपेठ खाली राहते. उतरत्या गल्ल्या अरुंद, चढ असा की आमच्या एका सोबत्यास दोनदा दम खावा लागला. घरे जांभ्या चिऱ्याची, उतरत्या कौलांची. खाली जवाहर चौक. भर दुपारी आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा दुकानदार पेंगत होते, एक कुत्रे रस्त्याच्या मधोमध निवांत झोपले होते, आणि नदीवरून धुणे आपटल्याचा आवाज चौकापर्यंत येत होता. लालबागच्या नाक्यावरून गेलेल्या माणसास हे सारे स्वप्नासारखे वाटेल.

आता ही पेठ पूर्वी काय होती ते ऐका. खाडीतून गलबते थेट येथवर येत. आमच्या अणुस्कुऱ्यावरून बैलांच्या पाठीवर घाटावरचा माल उतरे, आणि खालचे मीठ, खोबरे व दर्यापारचा जिन्नस वर चढे. मिऱ्यासाठी व कापडासाठी परदेशी व्यापारी येथे धावत आले. इंग्रजांनी १६४९ च्या सुमारास येथे वखार घातली. लक्षात घ्या, तेव्हा तुमची मुंबई इंग्रजांच्या हाती आलीच नव्हती! १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते, तेव्हा याच वखारीचा प्रमुख रेव्हिंग्टन आपल्या तोफा व दारूगोळा घेऊन वेढा घालणाऱ्यांच्या मदतीस गेला. व्यापाऱ्याने तराजू सोडून तोफ धरली. महाराजांनी ती गोष्ट विसरली नाही. १६६१ साली त्यांनी राजापुरावर चाल केली, वखार खणून काढली, रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैद केले आणि १६६३ पर्यंत त्यांस कैदेत ठेवले. आम्ही मुलांस पावनखिंड शिकवितो, विशाळगड तर आमच्याच तालुक्यात आहे. परंतु त्या कथेचे दुसरे टोक खाली या पेठेत आहे, हे आम्ही गावात उभे राहिलो तेव्हा नीट उमगले. मुलांस घेऊन जाल तर ही जागा जरूर दाखवा.

मग एवढे बंदर गेले कोठे? कोणी लुटले नाही, जाळले नाही. ते गाळाने बुजले. पावसाळ्यात येथे जो पाऊस पडतो तो आमच्या देशावरच्या माणसास खरा वाटणार नाही. वरच्या डोंगरांवरची झाडे तुटली, माळ उघडे पडले, आणि दर आषाढ-श्रावणात ती लाल माती नदीत उतरू लागली. इंग्रजी अमदानीतल्या रत्नागिरीच्या गॅझेटियरातही नोंद आहे की, पूर्वी धक्क्यास लागणारी तारवे आता गावापर्यंत येत नाहीत. नदीचे तळ वर आले म्हणजे पाणी जाणार कोठे? ते पेठेत शिरते. दर पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी येते आणि दुकानदार माल माळ्यावर चढवितात. एका वाण्याने आम्हांस भिंतीवरच्या जुन्या खुणा दाखविल्या, एखादा बाप दाराच्या चौकटीवर मुलाची उंची दाखवितो तशा. अलीकडे लोकांनी एकत्र येऊन नदीतला गाळ यंत्रे लावून उपसला, तेव्हापासून थोडा आराम आहे असे तो म्हणाला. पण डोंगर वरून माती सोडीतच आहेत, तेव्हा हा उपसा एका खेपेचा नव्हे. शेतकरी बांधवांस हे सांगणे नको. बांध फुटला की खालच्याच्या शेतात काय होते ते आपणांस ठाऊक आहे.

नदीच्या पायऱ्यांवर एक म्हातारी गोधडी धूत होती. आमच्यापैकी एकजण सहज म्हणाला, "आजी, तुमचं गाव फार शांत आहे हो. आम्हांला आवडलं."

तिने गोधडी पिळली, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "शांत नाय तर काय व्हयल, गुरुजी? मानसाच नाय ऱ्हायली. माझो एक झील लालबागात, दुसरो नालासोपाऱ्याक. तुमी आवाज कुनाचो ऐकनार?"

मंडळी, हे ऐकून आम्ही तिघेही गप्प झालो. प्रवासी माणूस गावात येतो, शांतता पाहून खूष होतो व आपल्या शहराच्या गोंगाटास नावे ठेवतो. परंतु ही शांतता झाडासारखी उगवलेली नाही. गावाचा आवाज तुम्ही आहात, आणि तुम्ही येथे बसला आहात. जनगणनेचे आकडे सांगतात की, २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती वाढली नाही, उलट सुमारे ८२ हजारांनी घटली. २०११ साली त्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. हे दोन आकडे शेजारी ठेवा म्हणजे त्या म्हातारीचे बोलणे समजेल. शेती कोण करते, पडवीचे कौल कोण परतते, आजाऱ्यास डोलीत घालून कोण नेते, ते पुन्हा सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे की नाही कोण जाणे. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची वस्तीही सुमारे अडीच लाखांनी घटली! म्हणजे कोकणातून माणसे लालबागेस आली, आणि लालबागेतून विरार, नालासोपारा, कल्याण, बदलापूर. १९८२ च्या जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यानंतर एकेक गिरणीचा भोंगा बंद पडला. फिनिक्स गिरणीच्या जागेवर आज मोठमोठी दुकाने आहेत. तेव्हा राजापूरचा धक्का आणि परळचे धुराडे यांत आम्हांस फार अंतर दिसले नाही. दोन्ही ठिकाणी माल उतरावयाचा थांबला, मग हात रिकामे झाले, आणि शेवटी माणसे उठून गेली. फरक इतकाच की, परळच्या रिकाम्या जागेस चांगला भाव आला, राजापूरच्या रिकाम्या घरास कुलूप आले. गावकीच्या खोलीत वीस-वीस जणांनी पाळीपाळीने झोपून ज्यांनी मनीऑर्डरी धाडल्या, त्या मनीऑर्डरींवर बांधलेली चिऱ्याची घरे आम्ही तेथे पाहिली. गणपतीचे दहा दिवस त्यांत दिवा लागतो.

दुसरे दिवशी आम्ही उन्हाळ्यास गेलो. तेथे गरम पाण्याचा झरा आहे, आणि जवळच राजापूरची प्रसिद्ध गंगा. चौदा कुंडे आहेत. एरवी कोरडी, आणि साधारण तीन वर्षांनी पाणी आपोआप येते, काही दिवस राहून जाते. अलीकडे हे वेळापत्रक बिघडले आहे. भूगर्भाचे जाणकार याचा खुलासा असा देतात की, जमिनीच्या पोटातल्या पोकळीत पाणी साठत जाते आणि ठराविक पातळीस आले म्हणजे वाकड्या नळीने हौद उपसावा तसे एकदम बाहेर ओढले जाते. सुताराच्या पोरासही हे समजेल. पाणी येवो न येवो, जागा पाहण्याजोगी आहे, गर्द झाडी आहे. पाणी पाहावयास कोणास काही द्यावे लागत नाही, द्यावयाचे असेल तर बाहेर कोकमे विकणाऱ्या बाईस द्या.

सड्यांविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. राजापूर तालुक्यात डोंगरांचे माथे सपाट व जांभ्याचे, त्यास सडा म्हणतात. पावसाळ्यानंतर तेथे गवत करपते आणि काळा-तांबडा कातळ उघडा पडतो. या कातळावर फार प्राचीन काळच्या माणसांनी चित्रे कोरली आहेत. कोणत्याही राजाचे नाव नाही, अक्षर नाही. हत्ती, मासे, गवे, माणसे. बारसूच्या सड्यावर एक माणूस कोरला आहे, त्याच्या दोन्ही बाजूंस दोन वाघ. देवीहसोळ, देवाचे गोठणे, कशेळी येथेही अशीच चित्रे आहेत. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा की, त्याच्या पोटात हरिणे, मासे, पक्षी असा सारा परिवार कोरला आहे, आणि जमिनीवर उभे राहून तो एका नजरेत मावत नाही. गुरे राखणाऱ्यांस ही चित्रे कधीपासून ठाऊक होती, बाहेरच्या विद्वानांस अलीकडे कळली. २०२२ साली युनेस्को संस्थेच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत यांतल्या काही जागांची नावे गेली. आम्ही एका गुराख्यास सोबत घेतले. त्याने चपला काढून ठेवल्या तेव्हा आम्हीही काढल्या; रेघांवर पाय पडू नये म्हणून तो आम्हांस वळसे घालून नेत होता. छिन्नी धरणारे आपले पाथरवट बांधव जर तेथे गेले तर त्या रेघेची खोली पाहून आमच्यापेक्षा त्यांसच अधिक कळेल.

पण याच बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलात तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी जमिनीची तपासणी सुरू झाली, तेव्हा गावच्या बायका भर उन्हात वाटेवर आडव्या पडल्या. त्याआधी २०११ साली खाडीच्या मुखाशी माडबनच्या अणुवीज प्रकल्पावरून नाट्याच्या बाजूस गोळीबार होऊन एक माणूस प्राणास मुकला. त्या प्रकल्पाची योजना तेव्हा ९९०० मेगावॅटची होती. या कारखान्यांनी बरे होईल की वाईट, यावर तुमच्या गावकीतही दोन तट आहेत हे आम्ही जाणतो. मुंबईत राहणारा म्हणतो पोरांस काम मिळेल, आणि गावात राहणारी म्हणते आमचा आंबा व मासा जाईल. आम्ही परक्या तालुक्याचे, निवाडा देणार नाही. आम्हांस एवढेच खटकले की, बाहेरचा माणूस सड्याकडे पाहून म्हणतो, येथे काय आहे, ओसाड तर आहे. ज्या जागेस काल शांत म्हणून नावाजले, तीच आज मोकळी पडलेली जागा म्हणून नकाशावर धरली जाते. तेथे गुरे चरतात, नाचणीची भाजावळ होते, चित्रे आहेत, पावसाळ्यात फुले येतात, हे कोण सांगणार? ज्याने पाहिले तो सांगेल. आणि तुमच्यापैकी ज्यांची नावे त्या सातबाऱ्यांवर आहेत, त्यांनी तरी पाहिल्यावाचून सही करू नये, मग सही कोणत्याही बाजूने करा.

शेवटच्या दिवशी एसटीने जैतापूरकडे गेलो आणि एका खारवी बंधूच्या होडीतून भरतीबरोबर खाडीत आत शिरलो. दोन्ही काठांस माड, मध्ये खाजणाची झाडे, चिखलात बायका वाकून तिसऱ्या वेचीत होत्या. समोर नाट्याच्या बाजूस यशवंतगडाचा तट दिसतो. तांडेलाने आम्हांस पाण्याचा रंग पाहून कोठे खोल, कोठे वाळूचा पट्टा, ते ओळखावयास शिकविले. आम्हांस काही ते साधले नाही. पूर्वी भरतीच्या एका ओढीत राजापूरच्या जवळ जाता येई, आता वरच्या अंगास होडीचे पोट तळास घासते, असे तो म्हणाला. दुपारी त्याच्या घरी तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, तिसऱ्यांचे सुके व सोलकढी असे जेवण झाले. पैसे घेईना. शेवटी त्याच्या मुलीस वह्यांसाठी म्हणून दिले तेव्हा घेतले. तिचा मोठा भाऊ कोठे असतो म्हणून विचारले, तर ती म्हणाली, दादरला, कुरिअरच्या कामावर.

जाणाऱ्यांनी एवढे करावे. गणपती-शिमग्याची गर्दी टाळून मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत जावे, तेव्हा वाटा कोरड्या असतात व सडे उघडे असतात. निदान दोन रात्री मुक्काम करावा. मुले सोबत न्यावी, त्यांना नदीच्या काठाने चालवीत न्यावे, आणि वाण्याच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा मोजावयास लावाव्यात. होडीवाल्याशी मजुरी आधी ठरवून घ्यावी, म्हणजे त्यासही संकोच नको व तुम्हांसही. कातळावर खडूने, कोळशाने रेघा ओढू नयेत. आजीबाई नदीवर भेटली तर तिच्या झिलाचा पत्ता विचारून घ्यावा. लालबागात असेल तर निरोप आणता येतो. आम्ही आणला होता. आज सभेपूर्वी तो पोचता केला.

येत्या पौषात आम्ही शाळेची पंधरावीस मुले घेऊन अणुस्कुऱ्याने पुन्हा खाली उतरणार आहो. ज्यांना दादरहून यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर या वहीत नावे लिहावी, घरच्या बायामाणसांचीही लिहावी. सकाळी राजापूरच्या एसटी स्टँडवर गाठ पडेल.